पाणी न मारलेली भिंत

माझ्या धाकट्या भावाचं आणि भावजयीचं सगळ्यात मोठं भांडण मी शेजारच्या खोलीतून ऐकलं. मुद्दाम कान लावला नव्हता. भिंतच इतकी पातळ की तिकडे कुणाला उचकी लागली की इकडे आम्ही पाणी प्यायचो.

"जन्मभर त्या कारखान्याची वाऱ्यानं उडून येणारी काळी पूड मी तुमच्या सदऱ्यांतून धुऊन काढली," भावजय म्हणत होती, "आणि आता त्याच कचऱ्याचं स्वयंपाकघर बांधून देणार होय? वर म्हणे धुरानं पक्के केलेले ठोकळे. धुरानं डोळे चुरचुरतात एवढं ठाऊक आहे मला."

"अगं, धूर नव्हे, धुरातला गॅस."

"तेच ते. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तुमची लोण्यापेक्षा मऊ निघेल. मी त्या खोलीत पाऊल ठेवायची नाही. माझा कोपरा बरा."

कोपरा कसला, पत्र्याखालची अंधारी सांदच ती. भरदुपारी दिवा लावून भाजी चिरायची. भाऊ गवंडी. जगाला हवेशीर घरं बांधून दिली आणि बायकोला एक खिडकी देता आली नाही, हे त्याला आतून खात असे.

गुडघे कुरकुरायला लागले, परांचीवर चढणं सुटलं, तेव्हा तो लोखंडाच्या कारखान्याला लागून नवीन निघालेल्या ठोकळ्यांच्या कामावर गेला. लोखंड वितळवून काढलं की मागे जो गाळ उरतो त्याला स्लॅग म्हणतात. त्याचे डोंगर साचले होते. इथे तो दळायचा, जरासा ओलसर करून साच्यात दाबायचा आणि ठोकळे एका बंद खोलीत रचायचे. मग शेजारच्या धुराड्यातून पकडून आणलेला कार्बन डायऑक्साइड त्या खोलीत सोडायचा. तो ठोकळ्यात शिरतो आणि आतल्या चुन्याशी सूत जमवून दगड होऊन बसतो. आगाऊ पाहुण्यासारखा, एकदा आला की निघायचं नाव नाही. भट्टी नको, सिमेंट नको.

तिथल्या इंजिनिअरबाईंनी भावाला त्याच्या घरापुरते ठोकळे पाडायला परवानगी दिली. भावाला असा आनंद झाला की त्यानं घोळच केला. गवंड्याचा हात तो. ताज्या कामावर पाणी मारल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. खोलीचं दार लावायच्या आधी त्यानं आपल्या ठोकळ्यांवर मायेनं पाणी शिंपडलं. चांगलं न्हाऊ घातलं म्हणा ना.

दार उघडल्यावर पहिला ठोकळा उचलला तो हातातच भुगा झाला.

"कुणी भिजवले?" बाईंनी विचारलं. बाकीचे छताकडे बघायला लागले.

"मी," भाऊ म्हणाला. "घरचे म्हणून जरा जास्तच."

बाईंना हसू आवरेना. "काका, याला वारा आत घ्यायचा असतो. सगळ्या भोकांत पाणी भरलं तर गॅस जाणार कुठून?"

तो भुगा त्यानं पिशवीत घालून घरी आणला. लपवायचं त्याला कधी जमलंच नाही. भावजयीनं चिमूट घेऊन बोटांत चोळली. "भांडी घासायला बरी आहे," म्हणाली. त्या दिवशी तो नीट जेवला नाही. चेष्टेचं त्याला काही नसे. पण आता ती त्या खोलीत कधी येणार नाही, अशी त्याची खात्रीच झाली.

बाईंनी पुन्हा पाळी दिली. या वेळी दार लागेपर्यंत तो हात पाठीमागे बांधून उभा. दार लागलं तरी तसाच. "काका, सोडा आता हात," म्हणून सोबतीच्यांनी सांगावं लागलं.

भिंती उभ्या राहिल्या, खिडकी बसली. भावजय रोज उंबऱ्याबाहेरून बघायची आणि फिरायची. एकदा दुपारी ती हातोडी आणि खिळा घेऊन आली. शब्दाची पक्की, आत पाय न ठेवता बाहेरच्या अंगालाच ठोकायला लागली. खिळा वाकला. दुसरा आणला, तोही वाकला. भाऊ पायरीवर बसून नखं बघत होता.

"वन्सं," ती मला म्हणाली, "तुमच्या भावाला सांगा, भिंतीत खिळा शिरत नाही. मी झारे टांगू कुठे?"

"त्यानं आत लाकडी पट्टी बसवलीय म्हणे," मी म्हटलं.

"बघायलाच हवं," म्हणाली आणि आत गेली. मग खिडकीखाली बसून, दिवा न लावता भाजी चिरून झाल्यावरच बाहेर आली. भाऊ तोवर तिथेच. नखं बघून संपली होती, पण उठवेना.

पुढे तीच खिडकी तिची गादी झाली. भावानं काम सोडल्यावर तर तिथून रोज हुकूम सुटायचा. कधी काडेपेटी, कधी साबण. तो कुरकुरत उठायचा, पण पिशवी आधीच त्याच्या काखेत असायची.

गेल्या वर्षी तो गेला. त्या सकाळीही खिडकीतून हाक आली, मीठ संपलं म्हणून. त्याचा चेहरा मला उतरलेला दिसला. म्हटलं, "राहू दे, मी आणते."

"तुला नको तो पुडा देईल वाणी," म्हणाला आणि निघाला.

सावकाश गेला, सावकाश आला. खिडकीतून पुडा आत दिला.

"एवढा वेळ?" आतून आवाज आला.

"गर्दी होती," तो म्हणाला, आणि पिशवीची नीट घडी घालून ती गजात अडकवली.