नळीतलं विरजण

दसऱ्याला आमच्या घरी विळे, कुऱ्हाड, डवरा, सगळी अवजारं धुऊन देवापुढे मांडतात. त्या वर्षी बाबांचा फोन आला, तुझंही हत्यार आण. रक्ताच्या कर्करोगानं ते खंगत चालले होते. नाही कशी म्हणणार? पुण्याच्या प्रयोगशाळेतून बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी घेऊन मी गावी, जऊळक्याला उतरले. नळी कोरी होती. आमचं एन्झाइम असल्याच नळ्यांत ठेवतात, एवढाच तिचा मान.

मायनं विचारलं, यात काय ठेवता? आता हिस्टोन डिमिथायलेज मायला कसं सांगावं, कप्पाळ! म्हटलं, पेशीत डीएनएचा धागा ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर बारीक खुणा असतात. त्या पुसणारं हे एन्झाइम. माणसाचं जनुक जीवाणूत घालून आम्ही ते बनवून घेतो. कर्करोगात या खुणा बिघडतात, म्हणून अभ्यास करतो. औषध नव्हे ते. तिचा चेहरा कोराच. मग म्हटलं, विरजणासारखं समज. थेंबभर पुरतं आणि काम करून स्वतः संपत नाही. तेवढं मात्र तिला लगेच कळलं.

दिवाळीला गेले तर बाबा दही खात होते. वाशीमच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू, तोंडभर फोड, आंबट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, तरी वाटी संपवत होते. मी मायवर भडकले. तिनं मला चुलीपाशी नेऊन हळूच सांगितलं की दसऱ्याची नळी दुधात बुडवून तिनं दही लावलं होतं. रोज त्यातलंच विरजण राखून पुढचं लावत होती. तिला खरं काय ते सांगून टाकावं का, हे विचारायला बाबांकडे गेले, तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"नळी रिकामी व्हती, मले मालूम हाय. मीच धुतली न दसऱ्याले. तिले नोको सांगू."

"काहून?"

"तिले झोप लागते."

संक्रांत काही त्यांनी पाहिली नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. माय कोमट दुधाचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली होती, हातात विरजणाची वाटी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्यं विरजण कमी पडलं का व? राखून राखून घालत व्हती मी. संपू नोये म्हून."

नळीत काहीच नव्हतं, एवढं सांगितलं असतं तर तिचा दोष फिटला असता. पण मग तिनं रोज भरवलेली ती वाटीही गेली असती. आणि बाबांना शब्द दिला होता.

"बराबर व्हतं, माय."

"मंग थे काहून गेले?"

मला रडू फुटलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि दूध विरजायला घेतलं.