तव्यावरची मशेरी

आमच्याकडं मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही. दारू हे व्यसन, गुटखा हे व्यसन. मशेरी म्हणजे दात घासणं, मग ते दिवसभर घासत बसलं तरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांना लावून निवांत बसायचं. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालाच्या आतला पांढरा डाग बघितला आणि ही आजपासून बंद करा, नाहीतर पुढं गाल कापावा लागेल, असं सरळ सांगितलं. माझ्या मालकांना हसू आलं.

"आवं मॅडम, मशेरीच हाय. दारू न्हाई."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, म्हणून मी घाबरले.

सोडली. चिडचिड होईल असं त्यांनी बजावलं होतं. चिडचिड माझी जन्मापासूनची, त्यामुळं घरात कुणाला काही वेगळं जाणवलं नाही. तलफ आली की चघळायला गोळ्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "शेळीवाणी काय रवंथ करत बसलीस गं?" इथवर सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण मशेरी सुटली आणि मेलेली जाऊ पुन्हा घरात वावरायला लागली.

माझी धाकटी जाऊ. ती गेली तेव्हा तिची पोरगी नुकती चालायला लागली होती. ती मीच वाढवली, आता कॉलेजात जाते. तेव्हा दीर मिलिटरीत, बाकीचे रानात, घरात आम्ही दोघीच. भांडी उरकली की मागल्या दारी एका डबीत बोटं घालून बसायचो. भाजायचं काम तिचं, कारण मी हमखास करपवायची. त्या दुपारी मी अंगणात डाळ वाळत घालत होते आणि करपल्याचा वास आला. म्हटलं, आज बाईसाहेबांनी करपवली, आता सोडत नाही हिला. हसतच आत गेले. गॅस चालू होता, तव्यातून धूर निघत होता आणि ती नव्हती. हाका मारत मारत विहिरीपर्यंत गेले.

विहिरीच्या कठड्यावर तिनं मंगळसूत्र काढून ठेवलं होतं. घरंगळू नये म्हणून वर एक खडा ठेवला होता.

माणसं जमायच्या आत मी ते पोलक्यात घातलं. पुढं तिला अंघोळ घालताना तिच्या गळ्यात घातलं. ती का गेली हे मला आजतागायत कळलेलं नाही आणि मला न सांगता गेली याचा राग अजून जात नाही. गाव म्हणालं, पाय घसरला. तोंडात मशेरी असली की बाईला बोलावं लागत नाही, मान हलवली तरी भागतं. असं मी इतकी वर्षं भागवलं. ज्या वासानं काळीज फाटलं, त्याच वासाची डबी कमरेला खोचून फिरले. भाजताना जीव जायचा आणि लावली की परत यायचा.

हे मी दवाखान्यात तंबाखू सोडवणाऱ्या मॅडमना अर्धंमुर्धं सांगितलं. त्या म्हणाल्या, मनाचे डॉक्टर वेगळे, त्यांचा वारही वेगळा. त्या वारी गेले. ते म्हणाले, आधी तंबाखू नीट सुटू दे, मग बघू. परत येताना एसटीत मला रडू आवरेना. शेजारच्या बाईला दया आली. तिनं कमरेची पिशवी सोडून मला काय द्यावं, तर मशेरी. मी घेतली नाही. त्याचं कौतुक करायलाही कुणी नव्हतं.

झोप गेली, जेवण गेलं. बरं होणं ते हेच असेल तर आजार काय वाईट होता, असं वाटायचं. पोरगी हे सगळं बघत होती.

एका दुपारी पडले होते आणि मशेरी भाजल्याचा तोच वास आला. कशी उठले मला आठवत नाही. जाऊच्या नावानं ओरडत स्वयंपाकघरात शिरले आणि तापलेला तवा उजव्या हातानं उचलायला गेले. पोरगीनं माझा हात ओढून पाण्यात घातला. ती तिथंच होती, तव्यापाशी. आत कुणीतरी होतं, हेच मला किती वेळ खरं वाटेना.

"तुझं हाल बघवंनात मला, मोठी आई," ती म्हणाली. "थोडी लाव आन गप पड." मग गॅस बंद करत तिनं विचारलं, "आईला का हाक मारलीस?"

तोंडात काही नव्हतं. बोलावं लागलं. वास, धूर, तवा, रिकामं स्वयंपाकघर, सगळं सांगितलं. मंगळसूत्राच्या अलीकडं येऊन थांबले.

"गॅस चालूच हुता?"

"व्हय."

"म्हंजे ती परत येणार हुती." ती खाली बसली. "गॅसवर तवा ठिवून कोण जीव द्यायला जातंय? खरंच पाय घसरला तिचा. मला वाटायचं, मला टाकून गेली. शाळंत पोरी तसंच म्हणायच्या."

तिचा चेहरा इतका सैल झालेला मी कधी बघितला नव्हता. मला तो खडा दिसत होता, कठड्यावरचा.

"व्हय," मी म्हणाले. "पायच घसरला."

ती माझ्याकडं बघत होती, अजून काहीतरी विचारणार होती. निवलेल्या तव्यात मशेरी होती, अजिबात न करपलेली, तिची आई भाजायची तशी. माझी उजवी बोटं भाजली होती. मी डाव्या हाताचं बोट घातलं.