अफझलगंजचा ससाणा

टेनिसची रॅकेट मी कधी हातात धरलेली नाही. तरी हैदराबादेतल्या एका जुन्या टेनिस क्लबाचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळते आहे, आणि कोर्टावरचं गवत कधी कापायचं, पाणी कधी तोडायचं यावर मेंबरांशी वाद घालण्याइतकी माझी तयारी झालेली आहे. वडील नांदेडहून पोस्टाच्या नोकरीसाठी इथे आले आणि आम्ही दिलसुखनगरात वाढलो. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बसमध्ये दक्खनी. क्लबात माझ्याशी मराठी बोलणारा एकच माणूस होता, आमचे सेक्रेटरी.

ते निवृत्त न्यायाधीश. चिक्कडपल्लीच्या जुन्या मराठी घराण्यातले. सगळे त्यांना जज्जसाहेब म्हणत. त्यांची मराठी कोर्टातच वाढल्यासारखी होती. ऑफिसातला पंखा बंद करायचा असला तरी ते म्हणत, "बाई, पंखा बरखास्त करा."

जज्जसाहेबांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती, लंडनची ती गवतावरची मोठी स्पर्धा. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती आली की ते दोन आठवडे क्लबाच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसत, पायातल्या मोज्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. एका मेंबरने एकदा विचारलं, "साहेब, तुम्ही काय घातलंय ते त्यांना दिसतं का?"

"मला दिसतं," जज्जसाहेब म्हणाले.

आमच्या क्लबाकडे गवताचं एकच कोर्ट आहे. त्यावर दर हिवाळ्यात मेंबरांची स्पर्धा होते, आणि तिचे सगळे नियम लंडनवरून घेतलेले. पांढरे कपडे, पॉइंट चालू असताना शांतता, आणि प्रेक्षकांना फळं नि मलई. तिकडे स्ट्रॉबेरी देतात. आम्ही पेरू द्यायचो, ज्याला इथे जाम म्हणतात. पेरू आणि मलई हे एकत्र खायचे पदार्थ नव्हेत, पण तसं बोलून दाखवण्याची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी टीव्हीवर मॅच सुरू होण्याआधी कॅमेऱ्याने एक ससाणा दाखवला. कबुतरांनी कोर्टावर उतरू नये म्हणून तिथे सकाळी ससाणा उडवतात, असं निवेदक सांगत होता. मी सह्यांसाठी कागद घेऊन मागे उभी होते. जज्जसाहेब खुर्चीतून वळले.

"बाई, आपल्याला ससाणा पाहिजे."

त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्याकडे कबुतरांचा उच्छाद होता. टक्कल पडलेल्या जागी माळी गवताचं बी टाकायचा आणि दुपारपर्यंत कबुतरं ते संपवून कोर्टावरच डुलक्या घ्यायची. पण ससाणा पाळायला कायद्याची बंदी आहे. मी तसं सांगितल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "माहीत आहे. त्या कलमाखाली मीच लोकांना दंड केलाय."

मग आम्ही प्लॅस्टिकचं घुबड आणलं. आठवडाभरात एका कबुतराच्या जोडीने त्याच्या डोक्यावर काड्या जमवायला सुरुवात केली. नंतर ससाण्याचा आवाज मोबाइलवरून स्पीकरवर लावला. कबुतरं हलली नाहीत. एक वयस्कर मेंबर मात्र कान तपासायला डॉक्टरकडे जाऊन आले.

डिसेंबरच्या आसपास मी नेटसाठी दोरी आणायला अफझलगंजला गेले होते. दोरीवाल्याच्या शेजारी पतंगाचं दुकान होतं आणि दारात एक मासा टांगलेला होता. कागदाचा, पण वाऱ्यावर असा वळत होता की मी थांबले. आत मेंदी लावलेल्या दाढीचे एक चाचा बांबूची काडी तासत बसले होते. ससाणा बनवाल का, असं मी विचारलं.

त्यांनी काडी खाली ठेवली. "बाज बनाना है? नर या मादी?"

मी म्हटलं, कबुतरं ज्याला भितील तो.

"मादी बनाते. मादी बड़ी होती," चाचा म्हणाले. पण आधी त्यांना कबुतरं बघायची होती. दुसऱ्या दिवशी ते क्लबात आले, मागे हात बांधून कोर्टाभोवती फिरले, आणि कबुतरांकडे इतका वेळ पाहत राहिले की मला ऑफिसात परत जावं लागलं. जाताना दारात डोकावून म्हणाले, "शहर के कबूतरां हैं मॅडम. किसी को नहीं डरते. फिर भी देखेंगे."

त्यांनी आणलेला ससाणा मी अजून विसरले नाही. तपकिरी कागद, पोटाखाली पांढरट, पंखांच्या टोकांना खऱ्या पिसांसारखे काप. कोर्टामागच्या पडद्याआडून त्यांनी तो सोडला आणि तो वर जाऊन हवेत जवळजवळ थांबला. कबुतरं एकदम उठली. एक घिरटी घालून शेजारच्या शाळेच्या छपरावर गेली आणि तिथेच राहिली. जज्जसाहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी नुसता चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

चाचांची स्पर्धेसाठी नेमणूक झाली. नियमाप्रमाणे त्यांना पांढरा कुर्ता-पायजमा आणि पांढरी टोपी देण्यात आली. एक अट घालण्यात आली, ती मीच समजावून सांगितली. दोरा साधा हवा, मांजा नको, म्हणजे कुणाला कापणार नाही. चाचा "हौ" म्हणाले.

पहिल्या फेरीतच एका मेंबरने तक्रार केली की सर्व्हिसच्या वेळी ससाण्याची सावली चेंडूवरून गेली. जज्जसाहेबांनी त्यावर हुकूम काढला, की ससाण्याची सावली पडल्यास पॉइंट पुन्हा खेळावा. तेव्हापासून हरायला आलेला प्रत्येक जण आकाशाकडे बोट दाखवू लागला. ही भानगड सोडली तर स्पर्धा चांगली चालली होती.

फायनल ठेवली संक्रांतीला. सुट्टी आहे, लोक येतील, एवढाच विचार झाला. तारीख ठरवताना मी तिथेच होते, मलाही दुसरं काही सुचलं नाही.

त्या दिवशी मी आईची बुद्धपौर्णिमेची पांढरी साडी नेसून गेले. फाटकातून आत शिरताना वर पाहिलं आणि पाय थबकले. क्लबाच्या चारी बाजूंच्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. आकाश पतंगांनी इतकं गजबजलं होतं की एकही कबूतर कुठे दिसत नव्हतं. ससाण्याची त्या दिवशी काहीच गरज नव्हती. मी हे जज्जसाहेबांना सांगितलं.

"बाई, ससाणा कार्यक्रमपत्रिकेत छापलाय," ते म्हणाले आणि पंचांच्या उंच खुर्चीवर चढले.

फायनल एक दातांचे डॉक्टर आणि एक वकील यांच्यात होती. दोघेही पन्नाशीचे, दोघांच्याही गुडघ्यांना पट्टे. पहिले काही गेम नीट झाले. मग शेजारच्या गच्चीवरून एक लाल पतंग निघाला आणि सरळ ससाण्याकडे येऊ लागला. मी पडद्यामागे चाचांकडे गेले.

"खाली घ्या त्याला."

"मॅडम, ये छेड़ रहा है."

"छेडू दे. आपला दोरा साधा आहे."

चाचांनी दोऱ्याला आणखी ढील दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. साध्या दोऱ्यासाठी कुणी चिकटपट्ट्या गुंडाळत नाही.

ससाणा तिरका झाला, खाली आला, आणि लाल पतंग लुळा पडून वाऱ्यावर निघाला. सगळ्या गच्च्यांवरून एकच आरोळी उठली, "अफाऽऽ". पतंग कटला की हैदराबादेत हेच ओरडतात. डॉक्टर त्याच क्षणी दुसरी सर्व्हिस करत होते. चेंडू माळ्याच्या खोलीवर गेला.

जज्जसाहेबांनी बिनतारी माइक उचलला. "क्वायट प्लीज," त्यांचा आवाज स्पीकरवर घुमला. मग तेलुगूत, मग उर्दूत तेच. गच्च्यांवर क्षणभर खरंच शांतता पसरली. तेवढ्यात ससाण्यावर तीन बाजूंनी पतंग चालून आले.

पुढचा अर्धा तास टेनिस कुणी पाहिलं नाही. ससाणा एकेकाला कापत होता आणि गच्च्या ओरडत होत्या. मेंबर आधी नुसत्या माना वर करून बघत होते, मग त्यांनी खुर्च्याच फिरवल्या. वकिलांनी रॅकेट बाकावर ठेवली, पडद्यामागे जाऊन चाचांची फिरकी धरली आणि "ढील दो, ढील दो" म्हणायला लागले. डॉक्टर एकटे बेसलाइनवर उभे राहिले, कारण सर्व्हिस त्यांची होती.

शेवटी ससाण्याला ज्याने कापलं तो पतंग वर्तमानपत्राचा होता. ससाणा सावकाश गिरक्या घेत भिंतीपलीकडे, चार मजली इमारतीच्या गच्चीवर उतरला. मला वाटलं चाचांना वाईट वाटेल. ते दोरा गुंडाळत म्हणाले, "सब लोगां जानवर समझे उसको. पतंग थी. पेच खाके गई." त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, कुर्ता आपल्याकडे ठेवला, आणि घरी गेले.

जज्जसाहेब खुर्चीवरून उतरले. "ती क्लबाची मालमत्ता आहे, बाई. चला."

इमारतीला लिफ्ट होती, पण सणामुळे लिफ्टवाला गायब आणि दाराला कुलूप. जज्जसाहेबांचे गुडघे डॉक्टर-वकिलांपेक्षा वाईट होते. प्रत्येक मजल्यावर थांबत आम्ही वर पोहोचलो. गच्चीवर वीस-पंचवीस माणसं होती, आणि मधोमध फुलाफुलांच्या गाउनमधल्या एक बाई ससाणा छातीशी धरून उभ्या होत्या. वर्तमानपत्राचा पतंग त्यांचाच होता.

जज्जसाहेबांनी शुद्ध तेलुगूत मालकी सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कटलेला पतंग कुणाचा असतो?"

कुणी हसलं नाही. जज्जसाहेब विचारात पडले. निकाल देण्याआधी ते कसे दिसत असतील ते मला त्या दिवशी कळलं.

"ज्याच्या हाती लागेल त्याचा," ते म्हणाले. "दावा खारीज."

बाईंनी लगेच चटई अंथरली. "कूर्चोंडी," म्हणजे बसा. ताटलीत सकिनालू आले, तांदळाच्या पिठाची संक्रांतीची गोल कडबोळी. चटई एकच होती. क्लबात मी साहेबांसमोर कधी बसले नव्हते, सह्या घेतानाही उभीच असायची. ते थोडे सरकले आणि चटईवर हात ठेवून म्हणाले, "बसा ना बाई, उभ्या काय?" मी बसले. सकिनालू कडक होते, आमच्या दोघांचाही आवाज कुडुम्‌कुडुम् येत होता. तो खालून पण येत होता. साहेबांच्या खिशात माइक चालूच राहिला होता आणि आमचं खाणं क्लबाच्या स्पीकरवर लागलं होतं.

मी कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. मेंबर इकडेच बघत होते. डॉक्टर अजून बेसलाइनवर उभे होते. साहेबही उठून आले.

"इथून रेषा फार स्वच्छ दिसतात," ते हळू आवाजात म्हणाले, आणि ते सगळ्या क्लबाला ऐकू गेलं. मग त्यांनी माइक खिशातून काढला. "वकीलसाहेब, जागेवर या. खेळ पुढे चालू."

फायनल अशी संपली. पंच चौथ्या मजल्यावर, खेळाडू खाली. पहिल्या दोन-तीन पॉइंटनंतर गच्चीवरच्या लोकांना खेळ समजला. चेंडू हवेत असला की सगळे श्वास रोखायचे, पडला की साहेबांच्या आधीच "आउट" म्हणायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. एकदा डॉक्टरांनी कमरेवर हात ठेवून वर ओरडून विचारलं, "साहेब, तिकडून नक्की दिसलं का?" गाउनवाल्या बाई कठड्यावरून वाकल्या आणि हाताच्या दोन बोटांत अंतर दाखवून चेंडू केवढा बाहेर होता ते सांगितलं. डॉक्टरांनी मान लववली. सामना वकिलांनी जिंकला. गच्चीने त्यांच्यासाठीही "अफा" केलं, कारण टेनिस जिंकल्यावर काय ओरडतात ते कुणाला माहीत नव्हतं.

आता खाली उतरायचं होतं. साहेबांनी पहिल्याच पायरीवर पाय ठेवला आणि गुडघा धरून थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे जमणार नाही. बाईंनी कुणाला तरी हाक मारली. चार तरुण पुढे आले, त्यांनी साहेबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. साहेब ताठ बसले, पांढऱ्या पोशाखात, एका हातात जिन्याचा कठडा आणि दुसऱ्या हातात माइक. मी पुढे चालत होते, साडीचा पदर खोचून, वळणावर भिंत किती लांब आहे ते सांगत.

कपाटातून चषक काढून टेबलावर मांडून ठेवला होता आणि खाली सगळे मेंबर शांत उभे होते. त्यांना दिसत काहीच नव्हतं, नुसतं स्पीकरवरून जज्जसाहेबांचं तेलुगू ऐकू येत होतं, चारही मजले, "मेल्लगा, नायना, मेल्लगा." हळू रे बाबांनो, हळू.