कातळावर माती

रत्नागिरीत आमच्या देवळाला लोक अजून साहेबाचं देऊळ म्हणतात. आम्ही नगरकडची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, लहानपणापासून तोंडात तेच बसलंय. मी ज्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहते, त्या काकी पहिल्या वर्षी मला फार हसायच्या.

"तुमचं पण देऊळ? नारळ फोडता की काय गो तिकडं?"

"नारळ तुमच्याकडं, केक आमच्याकडं," मी म्हणायचे.

"मग नाताळला केक, आणि आमच्या पालखीला नारळ. दोन्हीकडं खा," असं आमचे मालक मधेच म्हणायचे, आणि काकी त्यांना म्हणायच्या, "तुला खायलाच पायजे रे."

मालक म्हणजे माझे यजमान. मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात ते कामाला होते, म्हणून आम्ही इतक्या लांब आलो. मी खानावळीत भाकऱ्या करते. आमच्याकडं ज्वारीची थापायची सवय, इथं तांदळाची उकड काढावी लागते. पहिले काही दिवस माझ्या भाकऱ्या तव्यावरच तुटायच्या. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळं दुसरं काही काम मिळेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. खानावळवाल्या बाईंनी मला तशीच ठेवून घेतलं, शिकवलं, हे मी विसरणार नाही.

आता मालक त्या देवळाच्या मागच्या आवारात आहेत. ते गेल्यावर गावाकडनं आत्यांचा फोन यायचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. "एकटी काय करतीस तिथं? परत ये." मला मूलबाळ नाही. गेले तर ह्यांच्याकडं कोण बघणार, आणि नाही गेले तर ज्या आईनं पोराचं तोंडही शेवटचं पाहिलं नाही तिला काय सांगणार. दिवाळीपर्यंत मी हाच प्रश्न उशाला घेऊन झोपले.

देवळाबद्दल मला जे माहीत आहे ते तिथल्या वडिलांकडनं ऐकलेलं. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे गृहस्थ, एसटीतनं निवृत्त झालेले. खरं-खोटं किती ते मला सांगता यायचं नाही. ते स्वतःच म्हणतात, "हे मला माझ्याआधीच्यांनी सांगितलं, त्यांना त्यांच्याआधीच्यांनी. मध्ये कुणी मीठमसाला घातला असेल तर देव जाणे."

त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट आहे, ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला विचित्र वाटली. इथं आधी कबरी झाल्या, देऊळ मागनं आलं. साहेबांच्या काळात इथं कचेरी होती, कोर्ट होतं, साहेब लोक बदली होऊन यायचे. त्यांच्या बायका यायच्या, तान्ही मुलं यायची. ताप यायचा आणि माणसं जायची. मग गावाबाहेरच्या ह्या उघड्या कातळावर त्यांना ठेवायचे. गावाला नको असलेली जागा, गवतही धड उगवत नव्हतं. पुढं कुणाला तरी वाटलं, आपली इतकी माणसं इथं आहेत तर जवळ बसून प्रार्थना करायला डोक्यावर छप्पर असावं. मग जांभ्याचे चिरे लागले, कौलं चढली, घंटा आली. चिरा खाणीतनं काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होत जातो. भिंतींना पांढरा चुना आहे, पण पावसाच्या बाजूला तो टिकत नाही. दरवर्षी चुना पडतो आणि आतला लाल दिसतो.

साहेब गेले. मग नर्सबाया आल्या, मास्तर आले, पोलीस आले, बहुतेक सगळे घाटावरचे, बदलीवर. वडील तर त्याला बदलीवाल्यांचं देऊळच म्हणतात. "इथं जन्मून इथंच म्हातारा झालेला माणूस आपल्या बाकावर मी फार थोडा पाहिला. येतात, दोन-चार नाताळ करतात, सामान बांधतात. कायमचे राहतात ते फक्त मागचे."

हे ऐकून मालक म्हणाले होते, "आपण पण सामान बांधू. पोटापुरतं झालं की जाऊ."

ते गेल्या पावसाळ्यात गेले. सकाळी कामावर गेले आणि छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं तेव्हा बोलत होते, मला म्हणाले, जेवलीस का. संध्याकाळी संपलं. बाहेर पाऊस असा की समोरचं दिसेना. गावाला न्यायचं तर घाट चढायचा, आणि घाटात दरड आलेली, रस्ता कधी मोकळा होईल सांगता येईना. आत्या फोनवर नुसत्या ओरडत होत्या, "आणा, त्याला घरी आणा." दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच काय ते ठरवा." मी काय ठरवणार? वडील म्हणाले, "बाई, उद्या इथंच माती देऊ. पाळकांना मी बोलावतो." मी मान हलवली.

मग मी काकींना फोन केला. ह्यांना दवाखान्यात नेलंय एवढंच त्यांना माहीत होतं. माझा आवाज धड निघत नव्हता, आणि पावसानं फोन तुटत होता. मी म्हणाले, "काकी, उद्या सकाळी माती आहे. देवळामागं. काकांना घेऊन या."

त्या म्हणाल्या, "माती? बरं बरं, सांगते ह्यांना." आणि फोन कटला.

आमच्याकडं माणूस गेला की माती आहे असंच म्हणतात. मातीला गेलो, माती झाली, मातीला किती लोक होते. मला दुसरा शब्दच माहीत नव्हता. त्या वेळी एवढंच वाटलं, बरं बरं म्हणाल्या, रडल्यासुद्धा नाहीत. परक्या त्या परक्या.

सकाळी आवारात आम्ही थोडे लोक होतो. कारखान्यातली चार माणसं, खानावळवाल्या बाई, मंडळीतली काही. ज्यांनी खड्डा खणला ते चिरेखाणीवरचे लोक होते, कारण त्या कातळात कुदळ चालत नाही. वर आले होते ते सगळे दगडाचे तुकडे. माती अशी नव्हतीच. वडील पाळकांच्या कानात काहीतरी बोलत होते. मला कळत होतं काय बोलताहेत. ह्यांच्यावर आता दगड टाकणार.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो आला. काकांचा. ताडपत्री घातलेला, मागं काकी बसलेल्या. काका उतरले, लुंगी वर खोचली आणि पावसातनं मोठ्यानं विचारलं, "कुठं वतायची गो माती? झाडं आणलीत का नाय अजून?"

मग त्यांना पेटी दिसली.

इथं कातळावर ज्याला झाड लावायचं असतं तो माती विकत आणून घालतो. दारापुढची बाग, आंब्याची कलमं, सगळं आणलेल्या मातीत. सकाळी माती आहे म्हटल्यावर काका-काकींना वाटलं, नवरा दवाखान्यातनं बरा होऊन येणार, पोरीनं देवळाला झाडं लावायचा नवस बोलला असेल, बिचारीचं इथं कोण आहे. म्हणून पहाटे उठून घरामागच्या परसातली माती खणून भरून आणलेली.

काकी खाली उतरल्या त्या तशाच चिखलात बसल्या. "अगो माझ्या बाय," एवढंच म्हणत राहिल्या. काका टेम्पोला हात लावून उभे. ते मला म्हणाले, "मी ओरडलो गो... मला काय ठाऊक..."

मग वडीलच पुढं झाले. म्हणाले, "आणलीत ते बरं केलंत. आम्हाला लागणारच होती."

घमेल्यांनी ती माती आत घातली. काकांनी स्वतः घातली. दगड बाजूलाच राहिले. मी रात्रभर ज्यांना परकी म्हटलं त्यांच्या परसातली लाल माती ह्यांच्या अंगावर पडत होती आणि मला ओरडून रडता येत नव्हतं, कारण रडायला तोंड उघडलं की आभार निघतील की आणखी काय, तेच कळेना.

पाऊस सरल्यावर दिवाळीनंतर आत्या आल्या. दिरांनी आणलं. गुडघे धरत त्या आवारात आल्या. मी आदल्या दिवशी गवत काढून ठेवलं होतं, लाकडी क्रूस पुसला होता. मला धास्ती होती की त्या म्हणतील, काय ही जागा, माझ्या पोराला कुठं टाकलंस. त्या काहीच बोलल्या नाहीत. उभ्या राहिल्या. हात क्रूसापर्यंत नेला आणि परत घेतला.

मग त्या पलीकडच्या जुन्या कबरींकडं गेल्या. एका दगडावरची इंग्रजी अक्षरं झिजलेली. विचारलं, "हे कोण?"

वडील म्हणाले, "कुणा साहेबाची बायको. असं म्हणतात."

"हिच्याकडं कोण येतं?"

"कुणी नाही."

आत्यांनी पदरानं त्या दगडावरचं शेवाळ पुसायला घेतलं. निघालं नाही, तरी पुसत राहिल्या.

रात्री काकींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. भाकरी, कालवण, सोलकढी. काकी इतक्या भराभर बोलत होत्या की आत्यांनी मला हळूच विचारलं, "ही काय म्हणती?"

"आत्या, मराठीच बोलतायत."

"असंल. मला काय उमजंना."

काकींनी ते ऐकलं. "आजी, तुमचं पण मला काय कळत नाय," म्हणाल्या. पहिल्यांदाच आत्या जराशा हसल्या. मग काकींनी थांबत थांबत, एकेक शब्द सांभाळून, त्या सकाळचं सगळं सांगितलं. टेम्पोचं, माझ्या फोनचं, काकांच्या ओरडण्याचं. आत्या भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होत्या.

"कुठनं काढली व्हती माती?" त्यांनी विचारलं.

काकींनी मागचं दार उघडून दाखवलं. परसात केळी होत्या, आणि एका बाजूला खड्डा होता, अजून पुरता भरलेला नव्हता. आत्या उठून दारापर्यंत गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. परत येऊन बसल्या, आणि काकींना म्हणाल्या, "बाई, घरातली दिली व्हय तुम्ही. मला वाटलं, रस्त्यावरली असंल."

त्यानंतर दोन दिवस मी वाट बघत होते की त्या म्हणतील, चल आता, बांध सामान. मी उत्तर तयार केलं होतं, मोडलं होतं, पुन्हा तयार केलं होतं. त्या म्हणाल्याच नाहीत.

स्टँडवर गाडी लागली. दिरांनी पिशव्या आत ठेवल्या. आत्यांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळल्या.

"माझं काय आता परत येणं व्हत न्हाई. तू ऱ्हा हितं." मग म्हणाल्या, "त्या दिशी देवळामागं माझ्या तोंडातनं शबुद फुटला न्हाई. तू सांग त्याला. आई येऊन गेली म्हणावं."

रविवारी उपासना झाल्यावर मी मागं गेले. लोक अजून पायरीशी बोलत उभे होते, मला लाज वाटत होती. तरी सांगितलं. आत्या बोलतात तसं, मोठ्यानं सांगितलं.