बाई थांबल्यात

आमच्या झरीच्या शाळेतल्या गणिताच्या बाई कुणालाही प्रश्न विचारला की "हं?" म्हणतात, मान तिरकी करतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभ्या राहतात. बाजारात त्या अशा थांबल्या की भाजीवाला आपणहून भाव उतरवतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत पोरी शाळा बुडवून रानात येतात, म्हणून बाई मोबाइलवर धडे पाठवायला लागल्या. पहिलाच व्हिडिओ मधेच गप्प झाला. मला वाटलं, मोबाइल बिघडला. माझी लेक म्हणाली, "न्हाई गं माय, बाई थांबल्यात."

वर्गात कधी तोंड न उघडणारी माझी लेक कापसाच्या पऱ्हाटीत कमरेला वेचणीची ओटी बांधून त्या मोबाइलला आधी हळूच, मग मोठ्यानं उत्तरं द्यायला लागली. तिच्यासोबत वेचणाऱ्या आम्ही बायाही ओरडायचो. चुकलं तरी मोबाइल थोडाच रागावतो!

वेचणी उरकल्यावर शाळेत पालकांची बैठक झाली. बाईंनी फळ्यावर शेत काढलं, लांबी नऊ मीटर, रुंदी चार. "भोवती कुंपण किती लागंल? हं?"

"छत्तीस!" आम्ही आया सवयीनं एका सुरात ओरडलो.

"चुकलं," लेक भर वर्गात उभी राहून म्हणाली. "ते क्षेत्रफळ झालं."

बाईंनी हसत खडू तिच्या हातात दिला आणि त्या आमच्या शेजारी येऊन बसल्या.

लेकीनं शेताच्या चारी कडांवरून खडू फिरवला अन् आमच्याकडं वळली. "आता सांगा. हं?" म्हणाली, मान तिरकी केली आणि थांबली.

सगळ्यांत आधी हात वर केला तो बाईंनी.