पुढच्या रविवारचा आकडा

जगातली कोणतीही गोष्ट चौकटीच्या कागदावर बसवता येते, यावर माझ्या मावशीच्या यजमानांइतका गाढ विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. काका मूळचे धुळ्याकडचे. सुरतेत येऊन त्यांनी पस्तीस वर्षं साड्यांच्या काठांची डिझाइनं काढली, एकेक चौकोन रंगवून. स्वतः निवृत्त झाले, हात मात्र झाला नाही. डिंडोलीतल्या त्यांच्या घरी पाहुणे कुठे झोपणार हेही आधी कागदावर रंगतं, आणि मला कायम तपकिरी चौकोन मिळतो, म्हणजे मोरीजवळची जागा. एका लग्नात त्यांनी विहीणबाईंचा पदर उलटा करून पाहिला. बाई किंचाळल्या. काका शांतपणे म्हणाले, "खरं काम उलट्या बाजूनेच कळतं." काम उत्तम असल्याचा निर्वाळाही त्यांनी दिला, पण तोवर पंगतीत आमच्याशी कोणी बोलेनासं झालं होतं.

मग मी सुरतेत नोकरीला असताना मावशीला चक्कर येऊ लागली. दवाखान्यात ब्लडप्रेशर जास्त निघालं. आधीपासूनची गोळी वाढवायची की नाही हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी महिनाभर घरी मोजून आकडे आणायला सांगितलं. काकांना अगदी घबाड मिळालं. जास्त ते लाल, ठीक ते पिवळं, कमी ते निळं. ठरल्या दिवशी मीही सोबत होतो; त्यांनी असा काही कागद टेबलावर पसरला की नर्सने ही साडी कुठे मिळेल असं विचारलं. कागदावर बहुतेक सगळं लालच होतं. डॉक्टरांनी मोठ्या गोळीचं नाव लिहायला पेन उचललं आणि ते थबकले.

"काका, आ तो आवता रविवारनो आंकडो छे!"

पुढचा रविवार यायला अजून पाच दिवस होते. काका जराही गडबडले नाहीत. "साहब, डिझाइन में एक ही रिपीट बनाते हैं. बाकी तो मशीन बुनती है." त्यांनी पहिला आठवडा मोजला होता, नेमका लेक दोन पोरं घेऊन माहेरी आली होती तो, आणि पुढे तोच उतरवून काढला होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी छताचा पंखा पाहत बसलो.

पुढचा महिना काकांनी रोज खरोखर मोजलं, पण तोंड पाडून, कारण कागद फार ओबडधोबड होत चालला होता. त्यात पिवळ्यामध्ये मधूनच एक निळा चौकोन यायचा. पाचव्यांदा आला तेव्हा त्यांनी घरं मोजली. चूक काही दर सात घरांनी येत नाही. दर सात घरांनी येतं ते डिझाइन. तो वार गुरुवार होता आणि चक्करही गुरुवारचीच होती. गुरुवार म्हणजे उपास, हे काकांनी ताडलं.

"कोनी सांगं तुले उपास धराले?" काका ओरडले.

मावशीला सांगावंच लागलं. मग कळलं ते असं: चार वर्षांपूर्वी काकांची बायपास झाली तेव्हा ती दर गुरुवारच्या उपासाचा नवस बोलली होती. दर गुरुवारी काकांना वाढून "मी मघाशीच जेवले" म्हणायची आणि दिवसभरात गोळीबरोबरच्या घोटाखेरीज पाणीसुद्धा प्यायची नाही. डॉक्टरांनी कागद पाहिला, उपाशीपोटी गोळीने प्रेशर फार उतरतं असं सांगून ती वाढवायचं रद्द केलं आणि उपास बंद करायला सांगितला. मावशी रडायला लागली. नवस मोडला तर काकांचं काय होईल, एवढंच तिला कळत होतं.

काकांनी कागदाची घडी घातली. खमणाच्या दुकानावरून कधी सरळ पुढे न गेलेला हा माणूस. मग म्हणाले, "रडू नको. तुना गुरुवार आते मी धरसू."

फळं आणि पाणी सोडायचं नाही या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली. आता माझी बदली नाशिकला झाली आहे. दर महिन्याला काका कागदाचा फोटो पाठवतात. त्यात दोन ओळी असतात, वरची मावशीची आणि खालची त्यांची. खालची ओळ मावशी रंगवते, रंग रेषेबाहेर जातो आणि काका तो दुरुस्त करत नाहीत. फोटो आला की मी आधी वरचे गुरुवार शोधतो. ते पिवळे दिसले की जीव भांड्यात पडतो, आणि त्या मोरीजवळच्या जागेची फार आठवण येते.