मालकाला बोलावलंच नाही

आज ओमानमधल्या इब्रीजवळ खजुराच्या बागांतल्या कामगारांची शेतीसल्ल्याची सभा घेतली. विहिरी खारट होत चालल्यात, म्हणून सांगितलं, झावळ्या जाळू नका, बुंध्याशी पसरा, ओल टिकेल, आणि पाणी निम्मं करा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग रत्नागिरीचे युसुफभाई हसत म्हणाले, "साहेब, अर्बाबला जमीन ओली दिसायला हवी. नुसत्या झावळ्या दिसल्या तर म्हणेल, हा झोपा काढतो. खलास, माझं परतीचं तिकीट!"

खरंच, अर्बाबना, म्हणजे बागमालकांना, मी बोलावलंच नव्हतं. कामगार पटकन जमतात आणि अहवालात संख्याही चांगली दिसते.

युसुफभाईंच्या अर्बाबना लगेच फोन केला. "इन्शाल्ला, बघू," एवढंच म्हणाले.

युसुफभाई मात्र उद्यापासून दहा झाडांचं पाणी कमी करणार आहेत, माझ्या शब्दावर. अर्बाब हो म्हणेपर्यंत थांबा, असं त्यांना आत्ताच कळवू का?